गाडी उभी केली, नोकरी गेली

पहाटे ५ वाजता फोन वाजला तेव्हा गाडी मेहकरच्या अलीकडे होती. नागपुरातून भिवंडीचा माल भरलेला. फोनवर बायको रडत होती, "बाबांचं तोंड वाकडं झालंय. रात्रीपासून उजवा हात उचलत नाही. तुम्ही या."

आपल्याच एका वस्तीतल्या या ट्रकचालकाने शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "आधी माल उतरव, मग बघू." भिवंडी अजून सव्वाचारशे किलोमीटर लांब होती. त्याने गाडी ढाब्यावर उभी केली, क्लीनरला जवळ बसवले आणि मिळेल त्या एसटीने नागपूर गाठले. चौथ्या दिवशी कामावर येतो म्हणून कळवले, तर उत्तर आले, "दुसरा ड्रायव्हर ठेवलाय." नऊ वर्षांची नोकरी एका वाक्यात संपली. दोन खेपांचा भत्ताही अडकला.

घरी काय घडले होते? रात्री ८ वाजता म्हाताऱ्याच्या हातातून पेला पडला, बोलणे अडखळू लागले. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल. कुणी म्हणाले, अंगावरून वारं गेलं. तेल चोळले, पाणी पाजले, सकाळची वाट पाहिली. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत दहा तास उलटले होते. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली.

यात घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून आपण हे पाठ करू. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे, यातले एक जरी अचानक दिसले तरी तो लकवा समजावा. लगेच १०८ ला फोन करावा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवावी. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅन पाहून. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्यावे. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नये, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवावे.

दुसरा आजारी मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. नोकरी गेल्यावर या चालकाने खर्च वाचवायला स्वतःची रक्तदाबाची गोळी बंद केली. झोप उडाली, चिडचिड वाढली, संध्याकाळी प्यायला बसू लागला. दोन महिन्यांनी आशाताईंनी आग्रहाने तपासायला नेले, तेव्हा रक्तदाब १७०/११० निघाला. बापाला ज्या दुखण्याने पाडले, त्याच वाटेवर मुलगा चालला होता. उच्च रक्तदाब हे लकव्याचे सगळ्यात मोठे कारण आहे. बरे वाटते म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून ही गोळी मनाने थांबवू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मनावरचा भार असह्य झाला तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येते. त्यात लाज कसली?

आता नोकरीचे. शेठचे म्हणणे, "गाडी सोडून पळाला." असा आळ टाळायचा तर गाडी उभी करताना तीन गोष्टी कराव्यात. कारण सांगणारा संदेश मालकाच्या मोबाईलवर लेखी पाठवावा. गाडीचा, सीलचा आणि किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढावा. किल्ली कुणाकडे दिली ते कळवावे.

नेमणूकपत्र नाही म्हणून हक्क नाही, असे नसते. बिल्टी, डिझेलच्या पावत्या, खात्यात आलेला पगार, मोबाईलवरचे संदेश हे पुरावेच आहेत. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. काढल्यावर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी. उशीर करू नये.

आपल्या चालकाने तक्रार दिली आहे, निकाल अजून लागलेला नाही. सध्या तो शहरातच रोजाने टेम्पो चालवतो. कमाई कमी आहे, पण रात्री घरी असतो. वडिलांच्या हाताचा व्यायाम रोज स्वतः करून घेतो आणि आपली गोळी जेवणाआधी डबीतून काढून बायकोला दाखवतो.

ज्या घरचा माणूस गाडीवर आहे, त्या घराने आजच एवढे करावे. १०८ क्रमांक, जवळच्या मोठ्या दवाखान्याचे नाव आणि रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे फोन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावेत. रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवावे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात. विहारातल्या फळ्यावरही हे क्रमांक लिहून ठेवता येतील. गाडीवरचा माणूस येईपर्यंत थांबायचे नाही, हे घरातल्या लेकरालाही ठाऊक असू द्या.