गुळवेल, कावीळ आणि ‘वाढलेली’ प्रतिकारशक्ती

कोरोनाच्या काळात नाशिकमध्येही अनेकांनी कडुनिंबावर चढलेली गुळवेल काढून आणली. बोटाएवढ्या कांड्या ठेचून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी ते कडू पाणी नाक दाबून प्यायचे, असा क्रम असे. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे, ही त्यामागची समजूत. ती अपुरी आहे.

ऑटोइम्यून हेपॅटायटिस (शरीराच्या संरक्षक पेशींनीच यकृतावर केलेला हल्ला) या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, तिचा नेम चुकतो. सोसायटीचा वॉचमन रहिवाशांनाच चोर समजून बडवू लागला, तर आणखी चार वॉचमन नेमून भागत नाही. म्हणूनच उपचारात स्टेरॉइड देऊन ही शक्ती उलट दाबावी लागते.

मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला अशी इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, एक दगावला. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये आक्षेप घेतला: वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी. हा मुद्दा रास्तच होता, कारण गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल आहे. मात्र 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली.

गुळवेल प्यायलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. थायरॉइडच्या विकारासारखा ऑटोइम्यून आजार आधीच असलेल्यांना धोका अधिक दिसतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर गुळवेल थांबवावी आणि डॉक्टरांना ती घेत असल्याचे सांगावे. तिला औषध न मानल्यामुळे ‘औषध चालू आहे का’ या प्रश्नाला बरेच जण ‘नाही’ म्हणतात.