पिकाची राखण व जनावराचा जीव

भुईमुगास आऱ्या सुटून शेंग भरूं लागली, मक्याच्या कणसांत दुधाळ दाणा धरला, कीं रानडुकरांची धाड येते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. डुक्कर खातें थोडें व नासतें फार. सकाळीं जाऊन पाहावें तों अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरलेला. अशा सकाळीं बांधावर उभ्या असलेल्या मनुष्यास भूतदयेचें प्रवचन ऐकविणें ही क्रूरताच होय. तथापि त्याच सकाळीं तो जो उपाय मनांत योजतो, तो योग्य कीं अयोग्य, याचा विचार कोणी तरी शांतपणें करून ठेवला पाहिजे. म्हणून हा लेख.

प्राणी मारणें हेंच मुळीं पाप, असें मानणारे सज्जन आहेत. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ते बहुधा शेती करीत नाहींत. अहिंसेचा आग्रह ज्यांनीं जन्मभर धरला त्या महात्मा गांधींनींहि १९४६ सालीं ‘हरिजन’ पत्रांत माकडांच्या उपद्रवाविषयीं लिहितांना, पिकें फस्त करणाऱ्या जनावरांस वांचविण्यासाठीं माणसानें आपलें अन्न गमवावें हें मत स्वीकारलें नाहीं. त्याहिपूर्वीं, १९२८ सालीं, साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य वेदनांनीं तळमळत असतां त्यास त्यांनीं औषध टोंचवून मरण देवविलें व त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे दिसतें कीं, जीव घ्यावा कीं न घ्यावा हा एक प्रश्न, व घ्यावयाचाच तर किती यातना देऊन घ्यावा हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर शेतकऱ्यास बहुधा गरजच देते. दुसरें त्याला स्वतःलाच द्यावें लागतें, आणि येथेंच आमचे लोक डोळेझांक करतात.

कारण गांवोगांव जे उपाय चालतात ते पाहा. दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास पायवाटेवर लावतात. डुक्कर त्यांत कमरेस अडकतें व रात्रभर ओढ घेऊन सकाळपर्यंत अर्धमेलें होतें. कणकेच्या गोळ्यांत दारू भरून गांवठी बाँब ठेवतात. तो चावणारें डुक्कर जागीं मरत नाहीं. जबडा फुटून तें रानांत जातें व उपासानें मरतें. तोच गोळा एखादे वेळीं शेजाऱ्याच्या म्हशीच्या तोंडांत जातो. केरळांतील पालघाट जिल्ह्यांत २०२० च्या मे महिन्यांत एका गाभण हत्तिणीचा जबडा अशाच स्फोटकें भरलेल्या फळानें फुटला व ती नदीच्या पाण्यांत उभी राहून मेली. ती बातमी साऱ्या देशानें वाचली. पण असें मरणारीं डुकरें कोणी मोजीत नाहीं.

या सर्वांहून वाईट उपाय म्हणजे विजेच्या खांबावर आंकडा टाकून शेताभोंवतीं सोडलेली उघडी तार. २०१७ च्या एप्रिलांत चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीडच्या बाजूस श्रीनिवास या नांवानें ओळखला जाणारा वाघ अशाच तारेस लागून मेला. वाघाची बातमी होते. आम्हीं महसुली कचेरींत कारकुनी केली, तेव्हां माणसांचे कागदहि आमच्या टेबलावरून गेले. एका प्रकरणांतील मयत हा सालदार होता. शेतीची वीज रात्रीं दोन वाजतां येई, म्हणून धन्याचें पाणी धरावयास तो अंधारांत निघाला, व वाट वांकडी नको म्हणून शेजारच्या बांधावरून गेला. त्याच्या बायकोच्या अर्जावर डाव्या अंगठ्याची निशाणी होती व खालीं तलाठ्याचा शेरा होता. तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. वकिलाच्या खर्चापायीं त्याची जमीन दोन हंगाम पडीक राहिली, आणि त्या पडीक गवतांत डुकरेंच राहावयास आलीं. तार टाकणारा मनुष्य दुष्ट नव्हता. त्यानें रोज संध्याकाळीं शेजाऱ्यांना सांगितलेंहि असे. परंतु सांगितलेलें सर्वांच्या कानीं जातेंच असें नाहीं, आणि सालदारास कोणी सांगत नाहीं.

कायद्यास शिव्या देऊन मग तार टाकणारे पुष्कळ आहेत. पण कायदा वाचलेले थोडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें ११ वें कलम पाहावें. मनुष्याचा जीव किंवा मालमत्ता यांस धोका असल्यास, आणि त्या मालमत्तेंत उभीं पिकेंहि येतात असें कलमांतच लिहिलें आहे, विवक्षित प्राणी मारण्याची लेखी परवानगी वनखात्याच्या अधिकाऱ्यास देतां येते. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रानडुक्कर व रोही यांच्यापुरती ही रीत सुलभ केली. केरळनें २०२२ सालीं रानडुकरांपुरता हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत आणला. मारलेलें जनावर मात्र सरकारजमा होतें. त्याचें मांस घरीं नेतां येत नाहीं. यावर आमचे कांहीं मित्र रुष्ट होतात. आम्हांस ती अट रास्त वाटते. पिकाच्या नांवाखालीं जिभेची शिकार किती चालते, हें सर्वांस ठाऊक आहे.

याच कायद्याच्या ६२ व्या कलमानें केंद्र सरकार एखादा प्राणी ठराविक मुदतीसाठीं उपद्रवी ठरवूं शकतें. मग त्यास मारण्यास परवानगी लागत नाहीं. बिहारांत तसें झालें, व २०१६ च्या जूनमध्यें मोकामा भागांत हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनीं दोनशेंहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावरून केंद्रांतील दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. नीलगाय म्हणजे आपला रोही. नांवांत गाय आहे एवढ्यासाठीं पुष्कळ शेतकरी त्यावर हात उचलीत नाहींत, व तेच शेतकरी उंदराच्या बिळांत विषारी गोळी टाकतांना क्षणभर थांबत नाहींत. उंदीरहि तळमळूनच मरतो. आम्ही उंदीर वांचवा असें म्हणत नाहीं. पण आपली दया नांवावर व आकारावर चालते, हें कबूल करावें.

बंदुकीविषयीं थोडें. परवानगी मिळाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. अंधारांत कळपावर छर्रे झाडले तर एक मरतें व तीन जखमी होऊन पळतात. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशीं गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर येतें; तिनें तर बंदूक पाहिलेलीहि नसते. म्हणून गोळी घालणाऱ्यानें उजाडल्यावर रक्ताचा माग काढून जनावर संपविलेंच पाहिजे. जो माग काढावयास तयार नाहीं त्यानें बंदूक उचलूं नये. शिवाय डुकरीण सुमारें ११५ दिवसांत विते व एका वेतांत चार-सहा पिलें देते. मादी मारली आणि पिलें रानांत उपाशी मेलीं, तर ती हत्या हिशेबांत येत नाहीं, पण होते. उलट चार नर मारून कळपाची वाढ थांबत नाहीं, हेंहि खरें. येथें सरळ उत्तर आम्हांस दिसत नाहीं.

डुकरें वाढलीं कां, हें मात्र स्पष्ट आहे. बारमाही उसानें त्यांस घर दिलें, वेड्या बाभळीच्या झुडपांनीं आडोसा दिला, आणि त्यांचीं पिलें खाणारा लांडगा आम्हीं माळावरून हुसकला. मेलेल्या शेळीवर विष टाकून बिबट्या मारणारा शेतकरी आपलाच राखणदार मारतो. बिबट्याहि माणसें मारतो. ज्याचें मूल गेलें त्यास हिशेब सांगूं नये. मनुष्यावर चटावलेलें जनावर वनखात्यानें तत्परतेनें हटवावें, त्यांत दिरंगाई हा अन्यायच होय. परंतु दिसेल तो बिबट्या धरून दूर सोडण्यानें काय होतें, हें जुन्नर भागानें २००१ ते २००३ या काळांत अनुभविलें: जेथें ते सोडले तेथेंच माणसांवरील हल्ले वाढल्याचें अभ्यासकांनीं नोंदलें आहे.

राहतां राहिलें कुंपण. सौर कुंपणांतील प्रवाह बॅटरीवर चालतो व क्षणभराचा ठोका देऊन थांबतो. त्यानें झटका बसतो, जीव जात नाहीं. आंकड्याच्या तारेंत व यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, आणि त्यासाठीं शासनाच्या अनुदानाची योजनाहि आहे. खालची तार जमिनीपासून फार उंच नसावी, नाहींतर डुक्कर खालून शिरतें. तारेस गवत लागूं देऊं नये, नाहींतर प्रवाह जमिनींत जातो. पण एकट्यानें कुंपण घातलें कीं कळप शेजाऱ्याकडे वळतो. म्हणजे तोटा गांवांत तितकाच राहून फक्त माणूस बदलतो, आणि बहुधा ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याच्याच अंगावर येतो. म्हणून कुंपण शिवाराचें असावें. त्यांत एक अडचण आमच्या पाहण्यांत आहे. रानाच्या कडेचा तुकडा कोरडवाहू असतो, त्याचा मालक वर्गणी देऊं शकत नाहीं, व तार तर त्याच्याच बांधावरून जावी लागते. त्याच्या बांधावरील खांबांचा व तारेचा खर्च आंतल्या बागाईतदारांनीं एकरीं वांटून घ्यावा, व त्याच्याकडे तारेखालचें गवत काढण्याचें काम मजुरीनें द्यावें.