महाशीर माशाचें कुळ कसें ओळखावें?

पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पात्रांत सांपडणाऱ्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचें वर्णन सायक्स नामक इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यालाच आज दख्खनचा महाशीर म्हणतात. पुढें धरणें व अमर्याद मासेमारी यांमुळें महाशीर दुर्मिळ होऊं लागला, तेव्हां लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि तेथील पिलें दूरदूरच्या नद्यांत, थेट कावेरींतही, सोडण्यांत आलीं. हेतु उत्तमच होता. परंतु कावेरींत पाठीवर उंच वशिंड असलेला महाशीर पूर्वींपासून नांदत होता, आणि त्याची जाति कोणती हें त्या वेळीं ठरलेलें नव्हतें.

आम्हांस वाटतें, केवळ रूप पाहून माशाचें कुळ ठरविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. एकाच जातीच्या महाशीराचे ओठ व रंग नदीगणिक पालटतात. उलट दोन भिन्न जाति कधीं कधीं सख्ख्या भावांसारख्या दिसतात. अशा वेळीं साक्ष काढावी लागते ती पेशींतील डीएनए नामक धाग्याची. त्याकरितां मासा मारावा लागत नाहीं. पराचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यास जिवंत सोडून देतां येतें. या धाग्यावर चार रासायनिक अक्षरें नानाविध क्रमानें गुंफलेलीं असतात. पेशींतील तंतुकणिकांचा स्वतंत्र डीएनए आईकडून येतो. त्याचा अक्षरक्रम ताडून पाहिला म्हणजे मातृवंश कळतो.

एकाच जातींतील विविधता मोजण्यास दुसरी एक खूण सोईची पडते. डीएनएंत कांहीं ठिकाणीं दोन-तीन अक्षरें पुनःपुन्हा येतात, एखादा मुलगा अडखळून तोच शब्द घोकीत बसतो तशीं. कोणांत तीं दहा वेळां, तर कोणांत पंधरा वेळां. एखाद्या डोहांतील माशांत अशा आवृत्तींचे पुष्कळ प्रकार आढळले, तर तेथील वंश संपन्न समजावा; सर्वांत सारख्याच निघाल्या, तर ते थोडक्याच आईबापांची संतति असावेत अशी शंका घ्यावी. अशांवर रोगाची साथ आली, तर तग धरणारे निराळे मासे त्यांत सांपडणें कठीण. पैदास-केंद्रांत मूठभर नर-माद्यांपासून असंख्य पिलें निपजतात, म्हणून तेथें हा धोका अधिक. पिलांची संख्या पाहून आपण हर्षभरित होतों खरे!

वशिंडवाल्याचा निर्णय २०१८ सालीं लागला. त्याची शरीररचना व डीएनए तपासतां, केरळांतील पांबार नदींतून पूर्वींच वर्णिलेल्या 'टोर रेमादेवी' या जातीचा तो ठरला. पांबारचें पाणीही शेवटीं कावेरीसच मिळतें, आणि त्या खोऱ्याबाहेर ही जाति कोठेंही नाहीं. त्याच वर्षीं तिची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. गळ टाकणाऱ्यांनीं कावेरीकांठीं १९९८ ते २०१२ पर्यंत ठेवलेल्या नोंदींत निळ्या पराचे पाहुणे वाढत गेलेले दिसतात व वशिंडवाले विरळ होत गेलेले. जे थोडे गळास लागले, त्यांचें सरासरी वजन मात्र चढत गेलें. म्हणजे म्हातारे तेवढे उरले होते, नवीं पिलें वाढीस लागत नव्हतीं.