पॅड बांधून

सकाळचे साडेसात वाजत आलेत. शिवाजी पार्कच्या गेट नंबर पाचपाशी किट बॅगांचा ढीग पडलाय आणि त्या ढिगाहून बुटकी मुलं त्यावरच बसून बुटांच्या नाड्या बांधताहेत. डिसेंबर असला तरी दादरची थंडी ती केवढी. कट्ट्यावरच्या आजोबांनी मात्र माकडटोप्या चढवल्यात. फेऱ्या मारणाऱ्यांची रांग अखंड चालू आहे. कोणी शेअर बाजारावर बोलतंय, कोणी गुडघ्यांवर. आत लाल माती आताच उडायला लागलीय. दुपारपर्यंत ती समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत जाऊन बसेल आणि संध्याकाळी पुन्हा तक्रारी होतील.

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक इथेच आहे. ३ डिसेंबर २०२४ ला, सरांच्या जन्मदिवशी, सचिन तेंडुलकर आणि राज ठाकरे यांच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. त्या दिवशीचा, सरांचे दोन शिष्य सचिन आणि विनोद कांबळी यांच्या भेटीचा व्हिडिओ सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला, पुढे पाठवला, त्यावर मतंही दिली. सरांबद्दल त्या आठवड्यात त्या मानाने कमीच बोललं गेलं.

एक आई मुलाला स्मारकासमोर उभं करतेय. "नमस्कार कर." मुलगा हात जोडतो, पण मान नेटकडे वळलेली. तिकडे कुणीतरी जोरात फटका मारलाय आणि चेंडू जाळीत अडकलाय. "इकडे बघ रे!" आई म्हणते. तो एकदा बघतो आणि बॅग ओढत सुटतो. मला त्याचं काही चुकलंय असं वाटत नाही.

मीही त्याच्या मागोमाग नेटपाशी जातो.

इथले प्रशिक्षक चाळिशीच्या आसपासचे, अंगाने आडवे, डोक्यावर पांढरी टोपी. ते गोलंदाजाच्या बाजूला उभे नाहीत. जाळीच्या मागे, जरा तिरके, हाताची घडी घालून उभे आहेत. बॅटिंग करणारा पोरगा दहा-अकरा वर्षांचा. चेंडू पुढे पडतो, तो रेटतो, स्टंप वाजतो.

"सर, पाय गेला होता की!"

"गेला होता. चेंडू गेल्यावर."

बाकीची मुलं फिदीफिदी हसतात. जाळीच्या दुसऱ्या बाजूला त्या पोराचे वडील मोबाइल आडवा धरून सगळं टिपताहेत. प्रशिक्षक त्यांच्याकडे न बघता म्हणतात, "पालकांनी कट्ट्यावर बसा, प्लीज." वडील दोन पावलं मागे सरकतात. कट्टा तिथून बराच लांब आहे.

आचरेकर सरही असेच बघायचे, फक्त दिसायचे नाहीत. झाडाआड, गाडीआड उभं राहून मुलांचा खेळ बघायचा, चुका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवायच्या आणि सामना संपल्यावर एकेकाला ऐकवायच्या, ही त्यांची रीत त्यांच्या शिष्यांनी सांगितली आहे. कांबळीने एका सामन्यात बॅटिंग चालू असताना मैदानात आलेला पतंग पकडला आणि चक्क उडवला. सर कुठेच दिसत नव्हते म्हणून. सर अर्थातच तिथेच होते. सचिनच्या बाबतीत मात्र हे लपणं उपयोगी पडलं. १९८४ साली थोरला भाऊ अजित त्याला इथे घेऊन आला, तेव्हा सरांसमोर अकरा वर्षांच्या पोराला नीट खेळता येईना. अजितने विनंती केली, तुम्ही जरा लांबून बघा. सर गेल्यासारखे झाले, झाडामागून बघत राहिले आणि मुलाला घेतलं. आज प्रवेशासाठी अर्ज, शुल्क, व्हिडिओ असं बरंच काही लागतं. त्या दिवशी एका प्रशिक्षकाने आपण बाजूला होण्याची तयारी दाखवली, एवढ्यावर काम झालं. माझ्या मते सरांच्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत मोठी आहे आणि ती सगळ्यांत कमी सांगितली जाते.

नेटची वेळ संपत आलीय. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी एक मोठा मुलगा स्टान्स घेतो. मघाचे वडील पुन्हा पुढे येतात आणि खिशातून पाचशेची नोट काढतात. "सर, स्टंपवर ठेवू? आचरेकर सर ठेवायचे ना?"

प्रशिक्षक हसतात. "ते नाणं ठेवायचे. नोट उडून जाईल."

"मग दगड ठेवू वर."

"राहू द्या हो."

नोट खिशात परत जाते. सर मधल्या स्टंपवर एक रुपया ठेवायचे. दिवसभर खेळून सचिन दमलेला असायचा. मैदानातली सगळी मुलं क्षेत्ररक्षणाला यायची. जो बाद करेल त्याचा रुपया. कोणी बाद करू शकलं नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी आपल्याकडे आहेत आणि ती आपली अमूल्य ठेव आहे, असं सचिन सांगतो. त्या रुपयाला बाजारात काय किंमत होती ते सोडा. बाद झालास तर तो बरोबरीच्या कुणाच्या तरी खिशात जाणार आणि ते सगळे बघणार, हे खरं दडपण. पाचशेच्या नोटेने ते येत नाही. त्यानंतर पॅड-ग्लोव्हज न काढता मैदानाला धावत दोन फेऱ्या असायच्या. आता जिथे आजोबा गुडघ्यांवर बोलताहेत, त्याच वाटेने.

मैदानाच्या मधल्या भागात सामना सुरू झालाय. एक नव्हे, चार-पाच. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं आहे, पण क्लब इतके की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. नवखा माणूस इथे आला तर कोणता चेंडू कोणत्या सामन्यातला हेच त्याला कळायचं नाही. या मुलांना कळतं. मागून येणारा परका चेंडू ती न बघताच पायाने अडवतात, मागे फेकतात आणि आपल्या गोलंदाजाकडे नजर ठेवतात.

सरांची शाळा खरं तर ही. नेट ही तयारी, सामना हे शिक्षण. शाळेच्या सुट्टीतल्या साठ दिवसांत आपण पंचावन्न सराव सामने खेळलो, असं सचिनने लिहिलंय. सकाळी नेट, मग साडेचारपर्यंत सामना, अर्धा तास विश्रांती, पुन्हा नेट. एका सामन्यात बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या सामन्याला न्यायचे आणि तिथल्या कर्णधाराशी बोलून ठेवायचे, याला चौथ्या नंबरवर खेळव. वांद्र्याहून ३१५ नंबरच्या बसने येणाऱ्या या मुलाची शाळाही त्यांनी बदलायला लावली; दादरची शारदाश्रम, जिथे क्रिकेट होतं. पुढे तो इथेच पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. आज हे वाचताना कुणालाही वाटेल, केवढं नियोजन! पण तंत्र, तंदुरुस्ती, मानसशास्त्र असले शब्द त्यात कुठेच नव्हते. मुलाला बॅटिंग जास्तीत जास्त वेळा मिळावी, वेगवेगळ्या विकेटवर आणि अनोळखी गोलंदाजांसमोर मिळावी, एवढंच त्यात होतं.

स्वतः सरांना ती फारशी मिळाली नव्हती. जन्म १९३२ चा, मालवणचा. स्टेट बँकेत नोकरी, आणि प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना, १९६३ साली मोईनुद्दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध स्टेट बँकेकडून. त्यानंतर माणूस या मैदानावर कामत मेमोरियलच्या नेटवर उभा राहिला तो राहिलाच. १९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री. नंतरच्या वर्षांत आजारपणाने चाकाची खुर्ची आली. २ जानेवारी २०१९ ला सर गेले. दुसऱ्या दिवशी याच पार्कच्या परिसरात मुलांनी बॅटी उंच धरून कमान केली, तिच्याखालून त्यांना नेलं. खांदा द्यायला सचिन होता.

समोरच्या सामन्यात टाळ्या पडताहेत. एका पोराने पन्नास केलेत. तो बॅट उंचावतो ती कट्ट्याच्या दिशेने. तिथे घरची माणसं बसली असावीत. पंचांच्या मागे त्याचे प्रशिक्षक उभे आहेत, त्यांचे हात पाठीमागे बांधलेले.

टाळ्यांवरून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून सचिन वानखेडेवर शारदाश्रमच्या दोन संघांमधला अंतिम सामना बघायला गेला. तिथे सरांनी त्याला पकडलं, एक सणसणीत ठेवून दिली, हातातला डबा उडाला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवू नकोस, असं खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील, अशा अर्थाचं ते बोलले. ही गोष्ट सभांमधून डोळे ओले करून सांगतात, सचिनही प्रेमाने सांगतो. मला ती दर वेळी अर्धीच पटते. बोलणं खरं होतं. थोबाडीत मारायची गरज होती असं मला वाटत नाही. त्या काळी घरीदारी सगळीकडे मारत, हे कबूल. पण मार खाल्लेल्यांपैकी जो सचिन झाला त्याचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. मार खाऊन क्रिकेट सोडलेली मुलंही कुठेतरी असतीलच, आणि त्यांना व्यासपीठावर कोण बोलावणार? समोरचे हे प्रशिक्षक मुलांना हात लावत नाहीत. तरी पाय जातोच की, उशिरा का होईना.

कौतुक न करणं मात्र मला समजतं. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सर कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. मी हुरळून जाईन अशी त्यांना भीती वाटायची. आता मी खेळायचा थांबलोय, तर सर आता म्हणायला हरकत नाही, असंही तो गमतीने म्हणाला. पन्नास केलेल्या या पोराकडे प्रशिक्षक आता बोट दाखवून काहीतरी खुणावताहेत. डोकं स्थिर ठेव, बहुधा. पोरगा मान हलवतो. पुढच्याच चेंडूवर तो उंच मारायला जातो आणि मिडऑफला झेल देऊन परततो.

मग उठतो तो पुढचा. तासभर सीमारेषेबाहेर पॅड बांधून हा बसून होता. हेल्मेट मांडीवर, ग्लोव्हज हेल्मेटमध्ये. मधेच उठून दोन-चार वेळा नुसती बॅट फिरवायचा, पुन्हा बसायचा. पाण्याची बाटली कुणी पुढे केली तरी नको म्हणायचा. आता तो आत जातोय तर कुणी टाळीही वाजवत नाही. सगळे बाद झालेल्याच्या पाठीवर थापा मारताहेत.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डची उपान्त्य फेरी, शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ ची. डाव सोडा म्हणून सहप्रशिक्षक बाहेरून ओरडत होते, आणि ही दोघं ऐकू आलं नाही असं दाखवत होती. शेवटी सरांचा फोनवरून हुकूम आला. साडेतीनशेला एक धाव हवी होती, तरी कांबळीला ती मिळाली नाही. २ बाद ७४८ वर डाव सोडला. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पुढच्या नंबरवर पॅड बांधून अमोल मुजुमदार बसला होता. दोन दिवस. त्याची बॅटिंग आलीच नाही.

त्यानंतर त्याने मुंबईकडून प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. कारकिर्दीत अकरा हजारांहून अधिक. तरीही भारताच्या संघात त्याचं नाव आलं नाही. मधल्या फळीत तेव्हा तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली होते.

सरांचे शिष्य मोजायचे तर आपण कसोटीवीर मोजतो. बलविंदर संधूचा १९८३ च्या अंतिम सामन्यातला तो ग्रीनिजचा त्रिफळा, डर्बनला पदार्पणात प्रवीण आमरेचं शतक, कांबळीची लागोपाठची दोन द्विशतकं, अजित आगरकर, रमेश पोवार. यादी भारदस्त आहे. पण त्यातलेच किती जण पुढे हाताची घडी घालून जाळीमागे उभे राहिले, ते मोजावं असं मला वाटतं. चंद्रकांत पंडितने मुंबईला, विदर्भाला आणि मग २०२२ मध्ये मध्य प्रदेशला रणजी करंडक मिळवून दिला. लालचंद राजपूत २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वविजेत्या संघाबरोबर व्यवस्थापक होता. आमरेने तर कितीतरी बॅट्समन दुरुस्त केलेत. बॅटिंग शिकवणारे गुरू मुंबईत पुष्कळ झाले. शिष्यांमधून इतके प्रशिक्षक घडवणारा मला तरी दुसरा दिसत नाही.

सामन्यात पॅड बांधून गेलेला तो मुलगा पहिले दोन चेंडू सोडतो. तिसरा पुढे पडतो. पाय जातो, वेळेवर, आणि चेंडू कव्हरमधून शेजारच्या सामन्याच्या विकेटपर्यंत जातो. तिथला यष्टिरक्षक तो उचलून न बघता मागे फेकतो. प्रशिक्षक काहीच बोलत नाहीत.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. संघाचा प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या या माणसाच्या पाया कर्णधार हरमनप्रीत कौर त्या रात्री मैदानातच पडली.