शाळा सोडल्याचे कारण

जनरल रजिस्टर ही प्राथमिक शाळेतली सर्वांत जाड आणि सर्वांत कमी वाचली जाणारी वही. सरकारी भाषेत तिला नोंदवही क्रमांक १ म्हणतात. मूल शाळेत आले की त्याचे नाव, आईचे नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, अंकी व अक्षरी जन्मतारीख तिच्यात चढते. ते शाळा सोडते तेव्हा त्याच ओळीच्या उजव्या टोकाचे मोकळे राहिलेले रकाने भरायचे असतात : सोडल्याची तारीख, त्या वेळची इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेरा. ही वही कायम जपायची असते. जातपडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो पुष्कळदा हिच्यातूनच निघतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही गावोगावच्या शाळांची कपाटे उघडली गेली. लोक या वहीत जातीचा रकाना शोधतात. मी गेली काही वर्षे उजव्या टोकाचा, कारणाचा रकाना वाचत आलो आहे.

शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. भिवंडीत कापडाच्या पेढ्यांवर हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते : वर्षअखेरीला खाते बंद करताना शिल्लक पुढच्या वहीत ओढावी लागते. ती ओढली नाही, तर रक्कम कुणी चोरलेली नसते, पण ती असतही नाही. शाळेचे वर्ष एप्रिलअखेर बंद होते, तेव्हा नेमके काय पुढे ओढले जाते, हे पाहावे म्हणून मी या विषयाकडे वळलो. खरे तर वळायला आणखीही एक निमित्त झाले होते.

माझी थोरली बहीण १९७९ साली सातवी झाली. काही वर्षांपूर्वी तिच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता, म्हणून मी तिच्या शाळेत गेलो. शिपायाने वही काढली, तिचे नाव सापडले, तारीख जुळली. सहज उजवीकडे नजर गेली. कारणाच्या रकान्यात पहिल्या मुलीपुढे 'पुढील शिक्षणासाठी' असे वळणदार अक्षरात लिहिले होते आणि खाली सगळ्या वर्गापुढे, पानभर, वरीलप्रमाणेची दोन-दोन टिंबे. माझी बहीण पुढील शिक्षणासाठी कुठेही गेली नव्हती. त्या मे महिन्यात ती घरी कांड्या भरायला बसली आणि जूनमध्ये उठलीच नाही. तिची नोंद करणाऱ्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे साठ नावे आणि एक टाक असेल. पण सरकारदरबारी ती अजूनही हायस्कुलात शिकते आहे.

सातवी संपणे म्हणजे काय, हे एके काळी सगळ्यांना ठाऊक होते. मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा सातवीच्या शेवटी असे. ती पास झालेला मास्तर होऊ शके, तलाठी होऊ शके. नावापुढे 'व्ह. फा.' लिहिणारे लोक आमच्या लहानपणीही होते. शिकायचे ते तिथे संपत असे आणि ते संपण्याला किंमत होती. आता किंमत गेली, पण इमारत तशीच राहिली. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत ठरवले, तरी आपल्याकडच्या कित्येक शाळांचा जिना सातवीपाशी थांबतो, काहींचा आठवीपाशी. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा असलेल्या भिवंडीत हा प्रश्न आणखी गुंततो, कारण पुढची शाळा नुसती जवळ असून भागत नाही, ती आपल्या भाषेचीही असावी लागते. पद्मानगरच्या तेलुगू मुलाची अडचण वेगळी, शांतीनगरच्या उर्दू मुलीची वेगळी.

आता शेवटच्या दिवसांत शिक्षक काय करत असतात ते पाहू. थोडक्यात सांगायचे तर लिहीत असतात. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पाचवी-सहावीला आकारिक आणि संकलित गुण निम्मे-निम्मे. सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित ६०. दोन सत्रांची बेरीज करून सरासरी, तिच्यावरून अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी. मग निकालपत्रक, प्रगतिपुस्तके, संकलित तक्ते. शिवाय जडसंग्रहाची मोजदाद, पोषण आहाराच्या उरलेल्या तांदळाचा मेळ, पुढच्या वर्गांसाठी जुनी पुस्तके जमा करणे, ऑनलाइन माहिती भरणे. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक आले आणि परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा चालल्या. निकाल मात्र नेहमीसारखा १ मे रोजीच. म्हणजे शेवटचा पेपर आणि निकाल यांत पाच दिवस. शिक्षक संघटनांनी तक्रार केली, ती रास्तच होती. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक खटकली : त्या पाच दिवसांत शिक्षकांपुढे कागद असतात, मुले नसतात. पेपर संपला की वर्ग रिकामा. ज्याला काही विचारायचे, तो समोर नाही.

आणि भिवंडीत तो नुसता घरीही नसतो. हे गाव यंत्रमागावर उभे आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले कापड इकडे आले, तसे माणसेही आली. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण. उन्हाळा लागला, लग्नसराई आली की ही कुटुंबे मुलुखाला निघतात. आरक्षण ज्या तारखेचे मिळेल ती तारीख. निकालाच्या तारखेशी तिचा संबंध नाही. आता गंमत बघा. आपले वर्ष १ मे रोजी संपते आणि जूनच्या मध्यावर सुरू होते. उत्तर प्रदेशात नवे वर्ष १ एप्रिललाच सुरू झालेले असते. तेलंगणात शाळा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मिटतात आणि १२ जूनच्या सुमारास उघडतात. म्हणजे भिवंडीहून एप्रिलअखेर निघून तिकडेच राहायचे ठरलेला मुलगा गोरखपूरकडे पोहोचतो, तेव्हा त्याच्या वयाच्या मुलांचे नव्या इयत्तेचे दोन-चार धडे होऊन गेलेले असतात आणि त्याच्या हातात ना निकाल असतो, ना दाखला. उर्दू शाळांत याच्या जोडीला रमजानचा हिशेब असतो. तो दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२२ साली अख्खा एप्रिल रोज्यांत गेला आणि ईद ३ मेला आली. २०२५ साली मात्र मार्चमध्येच सगळे आटोपले. एकाच शहरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, वर्षाचा शेवट वेगळ्या चालीने येतो. राज्यभराचे एक वेळापत्रक करणाऱ्यांना हे दिसत नसावे.

दाखला आधी का देत नाहीत? विचारले की उत्तर ठरलेले : "जूनमध्ये या." यामागे आळस कमी आणि गणित जास्त असते. शाळेला शिक्षक किती मंजूर होणार हे संचमान्यतेवर ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर. एक दाखला दिला की पटावरचे एक नाव गेले. काठावरच्या शाळेत एक नाव म्हणजे एका शिक्षकाचे अतिरिक्त ठरणे. मग नाव धरून ठेवले जाते. कायदा इथे स्पष्ट आहे. शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम म्हणते की दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू वा नाकारू नये. आणि उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरेल. कायद्याला १५ वर्षांहून अधिक काळ झाला. हे कलम पालकांना माहीत नाही, यात नवल नाही. मला भेटलेल्या शिक्षकांपैकीही अनेकांना त्याचा मधला भाग, म्हणजे दाखल्याविनाही प्रवेश द्यावा लागतो हा, नवा होता.

२०२३ च्या डिसेंबरपासून एक नवी गुंतागुंत आली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तीतही नापास, तर त्याच वर्गात. ढकलपास बंद झाले म्हणून पुष्कळांना आनंद झाला. त्याबद्दल माझे मत इथे महत्त्वाचे नाही. पण दोन महिने म्हणजे मे आणि जून, आणि ज्या मुलाला फेरपरीक्षेची गरज आहे तोच बहुधा बलियाच्या गाडीत बसलेला असतो. त्याला तारीख कोण कळवणार? शाळेकडे असलेला फोन नंबर कारखान्यातल्या मुकादमाचा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुट्टी ही गोष्टच आपण फार भाबडेपणाने बघतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना सर्व कामांत बंदी आली. अपवाद ठेवला तो घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मदत करण्याचा. मे महिना हा असा कायद्यानेच उघडा ठेवलेला दरवाजा आहे. त्यातून आत गेलेले मूल जूनमध्ये बाहेर येईलच याची हमी नाही, कारण दीड महिन्यात त्याच्या मजुरीची घराला सवय झालेली असते.

तालुक्याच्या वीटभट्ट्यांवर चित्र उलटे आहे. पडघा-अंबाडीच्या बाजूला दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे येतात आणि मृगाआधी परततात. तिथली मुले वर्षाच्या शेवटी शाळा सोडत नाहीत. वर्षाच्या शेवटी ती मुळात तिथे पाहुणी असतात. नाव गावच्या शाळेत, मूल भट्टीवर. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने अशा मुलांसाठी भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून, वर गवत टाकून केलेले खोपटे. पुढे सरकारने शिक्षण हमी पत्रक आणले : गावच्या शाळेने ते मुलाबरोबर द्यायचे आणि पोहोचेल तिथल्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यायचे. कल्पना उत्तम. पण परतीच्या वेळी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, त्या पत्रकावर इथे काय शिकवले, किती दिवस हजर होता, हे लिहून परत पाठवायचे असते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण वर पाहिलेली सगळी लिखापढी चाललेली असते.

मग करायचे काय? एका मनपा शाळेतल्या सातवीच्या बाईंकडे मी जे पाहिले ते सांगतो. त्यांचे नाव देण्याची त्यांनी परवानगी दिली नाही. त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, परीक्षेची हवा लागण्याआधी, एक शंभर पानी वही काढतात. प्रत्येक मुलाला तीनच प्रश्न : गावाला कधी निघणार, परत येणार का, जूनमध्ये कोणत्या शाळेत जाणार. तिसऱ्या प्रश्नाला निम्मी मुले 'माहीत नाही' म्हणतात. मग आई येते. आई येत नसेल, तर बाई कारखाना सुटण्याच्या वेळी गल्लीत जातात. जे लवकर निघणार, त्यांची तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिके आधी उरकतात, तारखांची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवतात. जे परतणार नाहीत, त्यांचा दाखल्याचा अर्ज तिथल्या तिथे लिहून घेतात आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून त्यांची सही होईपर्यंत हलत नाहीत. पालकाला दाखल्याची झेरॉक्स काढून ठेवायला सांगतात, कारण मूळ प्रत एकदाच मिळते.

एप्रिलमध्ये हायस्कूलचे शिक्षक पट टिकवण्यासाठी दारोदार फिरतात. इतर लोक त्यांची चेष्टा करतात. या बाई त्यांना चहा पाजतात आणि वहीतली यादी देतात, नावनिशीवार. यादीबरोबर प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी. प्रगतिपुस्तकातही 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' या रकान्यांत वर्णनात्मक नोंदी असतात, पण त्यांचे तयार संच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि राज्यभरातली लाखभर मुले एकाच वेळी 'दैनंदिन व्यवहारात प्रमाण भाषेचा वापर करतात'. बाईंच्या ओळी वेगळ्या असतात. एकीबद्दल लिहिले होते : 'फळ्यावरचे दिसत नाही, सांगत नाही, पुढे बसवा.' एकाबद्दल : 'अपूर्णांक कच्चे. वडील रात्रपाळीला, सकाळी उशीर होतो, रागावू नये.' नव्या शिक्षकाला याहून अधिक काही लागत नाही.

आठवीच्या वर्गाला हे सगळे दुप्पट लागू आहे. आठवी संपली की मोफत पुस्तके संपतात, दुपारची खिचडी संपते, खासगी शाळेत २५ टक्क्यांतून गेलेल्याची फी सवलत संपते आणि बहुतेकांना चौदावे लागलेले किंवा सरलेले असते, म्हणजे कायद्याचा हात सुटतो. ऑनलाइन नोंदीत असे मूल कुठल्याच शाळेने ओढून घेतले नाही, तर ते 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या यादीत पडून राहते. माझ्या धंद्याच्या भाषेत, अनामत खाते.

मी बाईंना विचारले, मग जनरल रजिस्टरात कारण काय लिहिता? त्या म्हणाल्या, पूर्वी सगळ्यांसारखेच लिहायचे. आता मुलागणिक लिहिते. शाळेचे नाव ठरले असेल तर शाळेचे नाव, मुलुखाला गेला असेल तर जिल्ह्याचे नाव. एका वर्षी तीन मुलींपुढे त्यांनी काहीच लिहिले नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही, तपासणीत हरकत निघेल. बाई म्हणाल्या, जूनपर्यंत थांबा. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या हायस्कुलात हजेरी पाहायला गेल्या. दोघींची नावे होती. तिसरीच्या घरी गेल्या, तर खोली बदलली होती. शेजारणीने कामतघरच्या बाजूला गेल्याचे सांगितले. मी भेटलो तो जुलै होता. वही टेबलावर उघडीच होती आणि त्या ओळीत बाईंनी अजून काही लिहिले नव्हते.