चंद्रज्योतीची बी आणि शाळेची सहल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलींचे वारे वाहू लागतात. वर्गणी जमते, एसटीची गाडी ठरते आणि दोन दिवसांत सहा-सात ठिकाणे उरकून मुले परततात. पुढच्या आठवड्यात त्यांपैकी काहीजण हमखास माझ्या दवाखान्यात येतात. कोणाला जुलाब, कोणाचा घसा बसलेला, कोणी गाडी लागून गळालेला. काय पाहिलेस, असे विचारले तर गाडीत कोणती गाणी लावली होती तेवढे सांगतात.

अशा सहलींना माझा विरोध नाही. वेरूळची लेणी पाहायची तर लांबच जावे लागते. पण आज लिहायचे आहे ते वेगळ्या सहलीविषयी. अर्ध्या दिवसाची, पायी, गावाच्याच परिसरातली आणि वर्षातून तीन-चार वेळा त्याच वाटेने केलेली. आम्हा सातारकरांना अजिंक्यतारा घराच्या पाठीशीच आहे. इतरांना एखादी टेकडी, ओढा, गायरान असतेच. शाळेत पर्यावरण शिकवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितले. लहान वर्गांच्या पुस्तकाचे तर नावच 'परिसर अभ्यास'. तो परिसर मात्र बाकावर बसून पाठ केला जातो.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चंद्रज्योतीच्या बीत आहे. शेताच्या बांधाला, शाळेच्या कुंपणाला हे झाड सर्रास लावलेले असते. मोगली एरंड म्हणतात तेच हे. फळ पिकून काळे पडले की आत बहुधा तीन बिया निघतात आणि त्या चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. मधल्या सुट्टीत एकाने खाल्ली की दहा जण खातात. थोड्याच वेळात पोटात मुरडा, ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. 'विद्यार्थ्यांना विषबाधा' ही बातमी आपण याच वर्तमानपत्रात किती वेळा वाचली असेल! वेळेवर सलाईन मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. (मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये, तो अंगाशी येतो.) ज्या मुलाला गुरुजींनी एकदा हे झाड हाताने दाखवले, फळ फोडून बी दाखवली आणि हिने काय होते ते सांगितले, ते मूल ती खात नाही आणि धाकट्या भावालाही खाऊ देत नाही. धोतरा, कण्हेर, खाजकुयली यांचेही तेच. 'रानात हात लावू नकोस' असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा कशाला लावायचा नाही हे एकदा दाखवणे बरे.

विंचवाचेच पाहा. दगडाखाली काय राहते हे पाहण्याची मुलांना भारी हौस, आणि ती असावीच. फक्त दगड काठीने उचलावा आणि उघडी बाजू आपल्याकडे न येता पलीकडे राहील असा कलता करावा. पाहून झाले की तो होता तसा ठेवावा, कारण ते कोणाचे तरी घर असते. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम आला, ओकारी झाली, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्याने असंख्य जीव वाचले. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता मुलाला उचलून दवाखान्यात न्यावे.

आता डोळ्यांविषयी. पाचवी-सहावीतच चष्मा लागलेली मुले आता खेड्यातूनही येतात, आणि मोबाईलला शिव्या देऊन पालक मोकळे होतात. वर्गातला उजेड काहीशे लक्सचा असतो, बाहेर उन्हात तो दहा हजारांच्या वर जातो. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि बुबुळामागचा गोल अवाजवी लांबत नाही, असे तज्ज्ञ मानतात. चीनमध्ये ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेले. 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत बाहेर गेलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले, इतरांमध्ये हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात होते. वर्षातल्या चार सहलींनी हे साधणार नाही, हे उघड आहे. पण बाहेर पाहण्यासारखे काही असते ही गोडी तिथेच लागते. मग मूल आपण होऊन अंगणात जाते.

गेली काही वर्षे मी इथल्या एका शाळेच्या मुलांबरोबर गडावर जातो. दरवेळी आदल्या दिवशी एकदोन आया चिठ्ठी मागायला येतात. "डॉक्टर, सरांना लिहून द्या की, याला दमा आहे, चालवू नका म्हणून." मुलगा खाली मान घालून शेजारी उभा. अशी चिठ्ठी मी देत नाही. दुसरी देतो. त्यात मुलाचा पंप कोणता, चढ लागण्याआधी पंधरा मिनिटे तो किती घ्यायचा आणि धाप लागली तर काय करायचे, हे लिहिलेले असते. पंप दप्तराच्या तळाशी ठेवू नये. तो मुलाच्या खिशात असावा, आणि दुसरा सरांजवळ. पहाटेच्या गारठ्यात निघू नये, ऊन अंगावर आल्यावर निघावे. गेल्या हिवाळ्यात असाच एक सातवीतला मुलगा सगळ्यांच्या मागे, माझ्याबरोबर चालत होता. गवतावरची नरसाळ्यासारखी कोळ्याची जाळी त्यानेच सर्वांना हाका मारून दाखवली. पुढे धावणाऱ्यांच्या ती पायाखालून गेली होती. फिट येणाऱ्या मुलालाही न्यावे, मात्र त्याची गोळी चुकू देऊ नये आणि त्याला पाणी व कडा यांपासून दूर ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत कोणाचाही मुलाहिजा नको. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. एवढ्या मोठ्या मुलांची ही गत, तर शाळकरी पोरांची काय कथा! ओढा, तळे, धरण काठावरून पाहावे.

गडांच्या कड्यांना आग्या मोहोळ असते. तेथे दगड मारणे, शेकोटी, अत्तर, आरडाओरड काही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत सुटावे. काटा चिमटीत धरायला बसू नये, नखाने झटकन खरवडून काढावा. खूप माश्या चावल्या असतील किंवा ओठ सुजून श्वास अडकत असेल तर दवाखाना तातडीने गाठावा.

पाणी घरून उकळून नेलेले बरे. खायला भाकरी, चटणी, केळी, गूळ-शेंगदाणे पुरेत. बाटलीतल्या रंगीत पेयांना मी तरी फाटा देतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट असावेत. घरी आल्यावर कानामागे, काखेत गोचीड चिकटली आहे का ते आईने पाहावे. गुरुजींनी निघण्यापूर्वी एक काम जरूर करावे. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का, हे फोन करून विचारावे. 108 ची रुग्णवाहिका बोलावता येते. परंतु डोंगराच्या पलीकडल्या अंगाला फोनला रेंज नसते, म्हणून रेंज कोठे मिळते ती जागा जातानाच पाहून ठेवावी.