किल्ली कोणाकडे आहे?

खेळाडूचं शरीर : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ईसीजीचा वाद पाहिला. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची केली, अमेरिकेने ईसीजीची सक्ती टाळली. तज्ज्ञ अजून भांडतायत, भांडू देत. तपासणी कितीही चांगली असली तरी काही जण तिच्यातून निसटतात, आणि काहींचा आजार कळूनही ते खेळत राहतात. असा मुलगा कोर्टवर कोसळला तर पुढे काय, हा आजचा विषय.

हँक गॅदर्सचा आजार कळलेला होता. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा हा बास्केटबॉलपटू १९८८-८९ च्या हंगामात अमेरिकेतल्या अव्वल श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंत गुण आणि रिबाउंड, दोन्हींत पहिला होता. डिसेंबर १९८९ मध्ये फ्री थ्रोच्या रेषेवर तो कोसळला. हृदयाची लय बिघडते असं निदान झालं, प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी अंग जड होतं, खेळ मंदावतो अशी त्याची तक्रार होती, म्हणून डोस कमी होत गेला. विद्यापीठाने हृदयाला शॉक देणारं यंत्र, डिफिब्रिलेटरही घेतलं. ४ मार्च १९९० ला घरच्याच जिममध्ये पोर्टलंडविरुद्ध त्याने एक डंक मारला, मध्यरेषेकडे परतला आणि खाली पडला. उठायला गेला, पुन्हा पडला. यंत्र त्याच इमारतीत होतं. पण त्याला आधी उचलून बाहेर नेलं आणि शॉक दिला तो तिथे. तो गेला, तेव्हा २३ वर्षांचा होता. पुढे खटले झाले. तेव्हाच्या वैद्यकीय पथकाला आज नावं ठेवणं सोपं आहे. एवढ्या प्रेक्षकांसमोर पोराला झाकून आडोशाला न्यावं असं कोणालाही वाटेल.

त्याच शहरातल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघावर ही वेळ लागोपाठ दोन उन्हाळ्यांत आली. जुलै २०२२ मध्ये व्हिन्सेंट इवुचुक्वू, २४ जुलै २०२३ ला लेब्रॉन जेम्सचा मुलगा ब्रॉनी. दोघेही सरावात कोसळले, दोघेही वाचले आणि दोघेही पुन्हा खेळले. ब्रॉनी तर त्याच वर्षी १० डिसेंबरला कोर्टवर होता. सरावात कोसळले, हे महत्त्वाचं. सामन्याला निदान ॲम्ब्युलन्स उभी असते. सकाळच्या सरावाला प्रशिक्षक आणि पोरं, एवढेच.

हे किती वेळा घडतं? अमेरिकी कॉलेज खेळाडूंच्या २००३ ते २०१३ या काळातल्या नोंदींनुसार, वर्षाला साधारण ५४ हजार खेळाडूंमागे एक आकस्मिक हृदयमृत्यू. अव्वल श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये मात्र ५,२०० मागे एक. दुर्मीळच, म्हणूनच तयारी टळते.

घोळ पहिल्या मिनिटात होतो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, माणूस बऱ्याचदा बोलत असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचा विद्युत् ताल विस्कटतो, रक्त पुढे जाणंच थांबतं आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. हातपाय झटके देतात, डोळे उघडे राहू शकतात, घशातून घरघर येते. आपल्याकडे हे पाहून ‘फिट आली’ म्हणतात. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी हातात किल्ल्या कोंबतो. शॉकविना, छाती न दाबता गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. म्हणून क्रीडावैद्यकाचा नियम कडक आहे: कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाकेला ओ देत नाही, तर अरेस्टच समजायचं. धडकेनंतर कोसळला तरीही ही शंका मनात हवी. ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फुटबॉलच्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनिअर गोल करताना गोलरक्षकावर आदळून पडला आणि गेला.

करायचं काय, ते अवघड नाही. जागेवरून हलवायचं नाही. छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण तोवर हात भरून येतात. एईडी, म्हणजे कोणालाही वापरता येणारं स्वयंचलित डिफिब्रिलेटर, आलं की जर्सी कापायची, घाम टॉवेलने पुसायचा, कारण ओल्या छातीवर पॅड धरत नाहीत. पुढचं यंत्र स्वतःच बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

अवघड आहे ते आसपासचं. यंत्र तीन मिनिटांत खेळाडूपर्यंत पोचायला हवं, म्हणजे आणायला पळणाऱ्याला ते कुठे आहे हे आधीच ठाऊक हवं. अमेरिकी महाविद्यालयांत प्रत्येक मैदानाचा वेगळा आराखडा असावा, त्याची दरवर्षी तालीम व्हावी, असा आग्रह आहे. तालमीत नेमकं सापडतं की यंत्राच्या खोलीला संध्याकाळी कुलूप असतं, की ॲम्ब्युलन्सला दिलेल्या पत्त्यावर मैदानाचं फाटकच नाही.

आपल्या जिमखान्याच्या कपाटात क्रेप बँडेज, वेदनाशामक स्प्रे आणि मुदत संपलेलं मलम असतं. एईडी घ्यायला पैसे लागतील, मंजुरीला वर्ष जाईल. ते मागत राहावं. पण क्रीडासंचालकांना पुढच्या सोमवारी सरावाआधी एवढं करता येईल: छाती कोण दाबणार, १०८ ला फोन कोण लावणार, फाटकाशी कोण उभं राहणार, हे नावानिशी ठरवायचं आणि उशीवर दाबून एकदा करून बघायचं. आणि सकाळी सहाला मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, ते शिपायाला विचारून ठेवायचं.